पळताना दम लागतो आणि तो वाढतच चालला आहे, पण रिपोर्ट सगळे नॉर्मल. नक्की निदान कसं करून घ्यावं?

सहा महिन्यांपूर्वी पाच किलोमीटर आरामात पळायचात, आता दुसऱ्या किलोमीटरलाच थांबावं लागतं. ईसीजी, एक्स-रे नॉर्मल. आणि डॉक्टर 'स्टॅमिना वाढवा' म्हणून मोकळे झाले, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. पण याच चक्रात दोन वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते.

ईसीजी तुम्ही आडवं पडून काढलात आणि एक्स-रे उभं राहून. त्रास होतो पळताना. दमा असलेल्या माणसाची फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्रीसुद्धा, बसल्या जागी ठणठणीत येऊ शकते. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी त्या खोलीत तुम्हाला त्रास होत नव्हता. निदान हवं असेल तर दम लागलेला असतानाच कोणीतरी तो मोजायला हवा.

माझ्या बाबतीत आधी 'टेन्शन घेऊ नका' झालं, मग दमा ठरला आणि पंप सुरू झाला. पंपाने गुण आला, पण अर्धाच. इथेच सगळं फसलं. काहीच फरक पडला नसता तर कोणीतरी दुसरा विचार केला असता. अर्धा गुण आल्यामुळे दर वेळी डोस वाढत गेला आणि 'पंप नीट घेता ना?' हा प्रश्न आला. (प्रश्न रास्त होता. पहिले काही महिने मी तो चुकीचाच ओढत होते.)

शेवटी एका मैत्रिणीने मी चढावर धापा टाकत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढला. नव्या छातीच्या डॉक्टरांनी तो ऐकला आणि विचारलं, "हा आवाज श्वास आत घेताना येतोय की बाहेर सोडताना?" दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मलाही सांगता आलं नाही. व्हिडिओत मात्र स्पष्ट होतं: आत घेताना.

फरक असा. व्यायामाने होणाऱ्या दम्यात फुप्फुसातल्या श्वासनलिका आवळतात, श्वास सोडायला जड जातं, छातीत घरघर होते, आणि त्रास बहुतेक वेळा थांबल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत सर्वात जास्त होतो. मग अर्ध्या-एक तासात ओसरतो. स्वरयंत्र आवळत असेल तर अगदी जोरात पळत असतानाच गळ्याशी कोंडतं, आत घेताना आवाज येतो, आणि थांबलं की काही मिनिटांत मोकळं होतं. दुसऱ्या प्रकारावर पंपाचा काहीच उपयोग नाही.

मला दोन्ही होतं. दम्याच्या टेस्टसाठी ट्रेडमिलवर सहा ते आठ मिनिटं पळवतात, नाडी कमाल वेगाच्या 80 ते 90 टक्क्यांवर नेतात, आणि मग अर्धा तास ठरावीक अंतराने फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 10 टक्के किंवा जास्त घटली तर दम्याच्या बाजूने कौल. माझी 13 टक्के घटली. नंतर नाकातून बारीक कॅमेरा घालून पुन्हा पळवलं. ऐकायला भयंकर वाटतं, प्रत्यक्षात नाक बधिर केलेलं असतं. पडद्यावर स्वरतंतूंच्या वरचा भाग दर श्वासाला आत ओढला जाताना मी स्वतः पाहिला. त्यावर औषध नव्हतं. स्पीच थेरपिस्टकडे श्वास घेण्याची पद्धत शिकले. आता पंपही कमी लागतो.

पण माझंच निदान तुमचं असेल असं धरून बसू नका. रक्ताची साधी तपासणी आधी करा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, आणि मुद्दाम सांगून फेरिटिन, कारण हिमोग्लोबिन बरं असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात हृदयविकार असेल तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्ट्रेस टेस्ट (पळवत काढलेला ईसीजी) यांबद्दल आधी विचारा. काही जणांत हृदयाचा त्रास छातीत न दुखता फक्त धापेतून दिसतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी गोळी) घेत असाल तर तेही सांगा. सोबत कोरडा खोकला असेल, चालताना ऑक्सिजन घसरत असेल, तर सहा मिनिटं चालण्याची टेस्ट आणि फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी टेस्ट असते. घरचा ऑक्सिमीटर वापरलात तर हात स्थिर ठेवा; पळता पळता दिसलेल्या आकड्यावर विसंबू नका.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट. तोंडावर मास्क, सायकल, आणि दर श्वासाचं मोजमाप. आधी कोण हात टेकतं, हृदय, फुप्फुसं की स्नायू, हे त्यात बऱ्यापैकी कळतं. आणि त्यातून 'खरंच स्टॅमिनाच कमी आहे' असं निघालं, तर ते मोजून काढलेलं उत्तर असेल.

दोन आठवडे टिपण ठेवा: किती मिनिटांनी सुरू झालं, आत घेताना की सोडताना, गळ्याशी की छातीत, थांबल्यावर वाढलं की लगेच गेलं, हवा थंड होती का. व्हिडिओ आवाजासकट काढा.

छातीत दुखणं, पळताना चक्कर येऊन पडणं, ओठ निळे पडणं, एकाच पायाला सूज, खोकल्यातून रक्त किंवा बसल्या जागी धाप, यातलं काहीही असेल तर टिपणं वगैरे राहू द्या, त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.

आणि पंप चालू असेल तर ट्रेडमिल टेस्टच्या आधी किती तास बंद ठेवायचा ते डॉक्टरांनाच विचारा, मनाने बंद करू नका. मी विचारलं नव्हतं, सकाळी सवयीने दोन पफ घेऊन गेले, आणि पहिली टेस्ट अर्थातच नॉर्मल आली.