झाडाच्या सालीतल्या बुचासारख्या थराला वनस्पतिशास्त्रात काय म्हणतात? फेलोजन का?

नाही, फेलोजन नव्हे, फेलेम. मराठी पुस्तकांत त्याला त्वक्षा म्हणतात. गोंधळ नेहमीचाच आहे, कारण नावं एकाच घरातली. फेलोजन हा विभाजन करणारा जिवंत थर. तो बाहेरच्या बाजूला फेलेम तयार करतो आणि आतल्या बाजूला थोडंसं फेलोडर्म. तिन्ही मिळून पेरिडर्म. परीक्षेसाठी एवढं पुरे.

खरी गंमत फेलेममध्ये आहे. त्याच्या पेशी भित्तिकांवर सुबेरिन हा मेणचट पदार्थ साठतो, मग पेशी मरतात आणि आत हवा राहते. म्हणून बूच हलकं असतं, दाबलं जातं आणि पाणी आत घेत नाही. रॉबर्ट हूकने 1665 मध्ये ज्या 'सेल'चं वर्णन केलं, त्या बुचाच्या याच मेलेल्या, रिकाम्या पेशी.

बाटलीचं नैसर्गिक बूच हातात घेऊन पाहा. त्यात तपकिरी रेघा दिसतील. ती वल्करंध्रं, म्हणजे खोडाला हवा पुरवणारी छिद्रं. बूच कापताना ती आडवी येतील असं बघतात. उभी आली तर त्यांतूनच गळती व्हायची. हा माल मुख्यतः पोर्तुगाल-स्पेनमधल्या कॉर्क ओकचा. साल साधारण 9 वर्षांनी सोलतात, झाड तसंच उभं राहतं.

आपल्याकडचं बुचाचं झाड, पांढऱ्या सुवासिक फुलांचं, वेगळ्याच कुळातलं. त्याच्या सालीचं बूच हलक्या प्रतीचं. आणि फेलेम बघायला झाडच हवं असं नाही, बटाट्याची सालही तीच.