साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याखाली निळा पंखा फुलवणारा सरडा दिसला. तो विषारी असतो का? अगदी जवळ गेलो तरी पळाला का नाही? आणि ऑगस्टमध्ये परत गेलो तर एकही का दिसला नाही?

विषारी अजिबात नाही. मुंग्या-किडे खाऊन जगणारा वीतभर जीव आहे तो.

मी साताऱ्याचा, त्यामुळे दर उन्हाळ्यात एकदा तरी त्याच्यासाठी वर जातो. याचं शास्त्रीय नाव 'सरडा सुपर्बा'. हो, आपलाच मराठी 'सरडा'! 2016 मध्ये या सरड्यांची वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठरवली तेव्हा तिला हेच नाव दिलं, आणि ही जात तर चाळकेवाडीच्याच पठारावरून नोंदवली गेली.

ऑगस्टचं म्हणाल तर, तुम्ही बघितलं ते माद्यांसाठी चाललेलं प्रदर्शन होतं. मार्च ते मे हा त्याचा हंगाम. सकाळी ऊन चढायला लागलं की नर एखाद्या दगडावर चढतो, पुढच्या पायांवर छाती उचलतो आणि गळ्याची कातडी फटाफट उघडमीट करतो. निळा, काळा, केशरी असे तिन्ही रंग क्षणभर दिसतात आणि मिटतात. शेजारच्या दगडावर दुसरा नर असेल तर मग विचारूच नका. मादीकडे हा थाट नाही. मातकट अंग, ती गवतात शेजारी बसली तरी कळत नाही. पावसाळ्यात नराचाही रंग उतरतो आणि गवतही वाढलेलं असतं, मग दिसणार कुठून?

जमलं तर मागचा पाय झूम करून बघा. चारच बोटं असतात.

आता पळाला का नाही ते. कारण बहुधा डोक्यावरच्या पवनचक्क्या. याच पठारावरचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले, आणि सरडे मात्र जास्त. वरून झडप पडायची भीती कमी, म्हणून ते माणसालाही जवळ येऊ देतात. पण गर्दी वाढली की खाण्याची ओढाताण होते. तिथले सरडे अंगाने हडकुळे आणि नर रंगानेही फिके निघाले.

पुढच्या एप्रिलमध्ये चक्क्यांपासून लांबच्या सड्यावर (खडकाळ माळावर) जा. तिथला निळा जास्त गडद असतो, फक्त फोटो लांबूनच काढावा लागेल.