ओल्या लाकडावर फायबर चढवू नका : होडीदुरुस्तीची प्रश्नोत्तरे

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढल्या की आतला सांगाडा तपासला जातो आणि तेच प्रश्न पुन्हा येतात. सांगाडा म्हणजे तळाला लांबीत धावणारे लाकडी दांडे, स्ट्रिंगर, आणि मशीन (इंजिन) टांगायची मागची फळी, ट्रान्सम. या लाकडावर फायबर, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेले काचेच्या धाग्यांचे कापड, चढवलेले असते. पॉलिएस्टर आणि एपॉक्सी ही अशी दोन रेझिने.

होडी पॉलिएस्टरची आहे. एपॉक्सी चालेल?

चालेल. जुन्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी जास्त घट्ट धरते. नंतर त्या एपॉक्सीवर पॉलिएस्टर मात्र चढवू नका, ते सुटते.

लवकर सुकावे म्हणून हार्डनर (एपॉक्सी कडक करायला त्यात मिसळायचे द्रव) वाढवला तर?

नाही. डब्यावरचे प्रमाण वजनाचे की मापाचे ते बघा आणि तेवढेच घाला. घाई असेल तर त्याच कंपनीचा फास्ट हार्डनर मागा.

दुकानदार म्हणतो, चॉप मॅट (काचेच्या तुकडा धाग्यांची चटई) सगळ्याला चालते.

हे माल खपवण्याचे उत्तर झाले. नेहमीच्या मॅटमधला बांधणारा चीक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नसते, म्हणून मॅट ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही. ४५ अंशांत शिवलेले, दोन दिशांनी धागे असलेले बायअॅक्सियल कापड घ्या.

ट्रान्सम ओला आहे. भोके पाडून एपॉक्सी ओतली तर लाकूड पुन्हा कडक होते असे ऐकले. करू का?

करू नका. हा ऐकीव उपाय फार होड्या बिघडवतो. पाण्याने भरलेल्या लाकडात एपॉक्सी शिरतच नाही. भोकाभोवती गोळा होऊन बसते. वरून भोके बुजली की पाणी आत कोंडते आणि कुजणे चालूच राहते. आधी आतल्या बाजूने बोल्टांच्या खाली ६ मिमीचे भोक पाडा. भुसा पिवळा, कोरडा आला तर ठीक. काळपट निघून बोटांत दाबल्यावर ओल सुटली, तर लाकूड पूर्ण काढायचे. त्या जागी आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) छाप असलेला मरीन प्लायच घाला. त्या नावाने दुसराच माल गळ्यात मारतात, छाप स्वतः बघा. पावसात जागेवर काही सुकत नाही. होडी पक्क्या छपराखाली घ्या, पंखा लावा. घासलेल्या फायबरवर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटवा. २४ तासांनी आत दव दिसले तर अजून थांबा. नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी सुरू केलेले काम इथेच फसते. म्हणून होडी वर आली त्याच आठवड्यात भोक पाडून बघा, आणि मशीनच्या वजनाला ट्रान्समची जाडी किती लागेल ते होडी तपासणाऱ्या सर्व्हेयरला विचारा.

स्ट्रिंगर बदलताना काय सांभाळायचे?

तळाला सगळीकडून टेकू द्या आणि एका वेळी एकच काढा, नाहीतर होडीचा आकार बिघडतो. जुने फायबर ४० नंबरच्या सँडपेपरने घासा. नवे लाकूड, विशेषतः टोके, एपॉक्सीचे तीन हात देऊन बंद करा. ते तळावर थेट टेकवू नका, नाहीतर लाटेच्या माराने नेमके तिथेच फायबर तडकते. ५-६ मिमी फट ठेवून घट्ट केलेल्या एपॉक्सीने भरा. कोपऱ्याला २० मिमी त्रिज्येची गोलाई द्या. या एपॉक्सीला घट्ट करायला सिलिका पावडर घाला, हलका फिलर (भरणीची पावडर) नको. मग कापडाच्या ७५, १०० आणि १५० मिमी रुंद पट्ट्या एकावर एक. रात्रभर थांबलात तर वर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने धुवा, मग घासा. नुसता घासला तर पेपरमध्ये भरतो आणि पुढचा थर सुटतो. हे माप छोट्या होडीचे आहे. आत बसवलेले इंजिन असेल तर सर्व्हेयरच्या आराखड्याशिवाय कापू नका.

एपॉक्सी लागून हात खाजतात. थिनरने धुऊ?

थिनर नको, साबण लावा. काम आजच थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ही अॅलर्जी एकदा जडली की जात नाही.