दुर्बीण गिळायची म्हणजे नक्की काय?

प्रश्न : सिस्टर, मी धायरीला राहते, वय ५४. तीन महिने झाले, जेवलं की छातीत जळजळ आणि वरच्या पोटात दुखतं. मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या आणते, चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच. आता डॉक्टरांनी एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बिणीची नळी घालून पोट आतून बघतात ती) लिहून दिलीय, येत्या गुरुवारी सकाळी ९ ची वेळ आहे. शेजारच्या काकू म्हणतात नळी घातल्यावर श्वासच घेता येत नाही. मला तर टूथब्रश जरा मागे गेला तरी उमासे येतात! भूल देतात का? आणि मिस्टर बाहेरगावी असतात, तर मी एकटीच ॲक्टिव्हावर जाऊन येऊ का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : ताई, आधी काकूंचा निकाल लावू. श्वासाची नळी वेगळी आणि अन्ननलिका वेगळी, दुर्बीण जाते अन्ननलिकेत, त्यामुळे श्वास अडत नाही. घशात काहीतरी आहे म्हटल्यावर माणूस घाबरून स्वतःच श्वास धरून ठेवतो, आणि मग बाहेर येऊन सांगतो की गुदमरलो. मी निवृत्त होईपर्यंत १२ वर्षं एंडोस्कोपीच्या रूममध्ये होते, हे रोज बघितलंय. नळी साधारण ९-१० मिलिमीटर जाड, म्हणजे करंगळीएवढी, आणि आतलं सगळं काम बहुतेक वेळा ५ ते १० मिनिटांत आटपतं.

आदल्या रात्री हलकं जेवा आणि १० नंतर काही खाऊ नका, पोट ६ ते ८ तास रिकामं लागतं. पाण्याचं तिथे विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी २ तास आधीपर्यंत दोन घोट चालतात, पण सकाळचा दुधाचा चहा अजिबात नाही, "फक्त अर्धा कप घेतला हो" म्हणणाऱ्यांची तपासणी आम्ही पुढे ढकललेली आहे. साडीऐवजी जुना ड्रेस घाला, का ते सांगते.

आधी घशात स्प्रे मारतात. इतका कडू की कारलं परवडलं. मिनिटभरात घसा सुजल्यासारखा वाटतो, थुंकी गिळली जातेय की नाही तेच कळत नाही, आणि निम्मे लोक इथेच घाबरतात. सूज वगैरे काही नसते, घसा बधिर झालेला असतो, तो व्हायलाच पाहिजे. मग डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये मधे भोक असलेली प्लास्टिकची रिंग देतात, म्हणजे नळीवर दात बसत नाहीत. नळी जिभेमागे आली की डॉक्टर म्हणतात गिळा, तेव्हा एकदा गिळायचं. उमासे येतील, दोन-तीन तर येतातच, तुम्हाला कदाचित जास्त येतील, पण नळी घशाच्या खाली गेली की कमी होतात. त्यानंतर तुमचं काम एकच, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि लाळ गिळायची नाही, गालावरून खाली वाहू द्यायची. आपल्या बायकांना हेच सगळ्यात जड जातं, साडी खराब होईल म्हणून लाळ आवंढ्यावर आवंढे गिळत ओढून घेतात आणि मग ठसका लागतो. म्हणून म्हटलं जुना ड्रेस. नीट दिसावं म्हणून पोटात हवा भरतात, मग ढेकर येतात, येऊ देत, लाजू नका.

भुलीचं म्हणाल तर पूर्ण भूल सहसा नसते, पण हाताच्या शिरेतून गुंगीचं इंजेक्शन मिळतं. तुमच्यासारखे उमासे येणाऱ्यांनी ते आधीच मागून घ्यावं, यात भित्रेपणा काही नाही. पण ते घेतलं तर २४ तास गाडी चालवायची नाही! बाहेर आल्यावर तुम्हाला वाटेल मी ठणठणीत आहे, पण डोकं अजून जागेवर आलेलं नसतं, आणि त्यात सिंहगड रोडचं ट्रॅफिक. रिक्षाने जा आणि सोबत कुणीतरी न्याच, काकूंनाच न्या, बाहेर बसून त्यांचंही समाधान होईल.

आता खरं महत्त्वाचं. मेडिकलच्या गोळ्या डॉक्टरांना सांगितल्यात का? पोटात एच. पायलोरी नावाचा जंतू आहे का ते बघायला दुर्बिणीतून तिळाएवढा तुकडा घेतात (दुखत नाही, आणि बायोप्सी म्हटलं की कॅन्सर धरून बसू नका), तो पिवळ्या टेस्टवर ठेवला आणि जंतू असला की रंग गुलाबी होतो. पण पँटोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असल्या की जंतू दबून राहतो आणि टेस्ट खोटीच निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून साधारण २ आठवडे त्या बंद करायला सांगतात. गुरुवार तोंडावर आलाय तेव्हा आजच फोन करा, तारीख पुढे घ्यायची का तेच सांगतील. याच जंतूने जठराला सूज येते हे दाखवायला बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये तो चक्क पिऊन दाखवला होता, आजारी पडला, आणि २००५ मध्ये सहकारी रॉबिन वॉरनबरोबर त्याला नोबेल मिळालं.

झाल्यावर तासभर तरी काही पिऊ नका. आमच्याकडे एक आजोबा पंधरा मिनिटांत गुपचूप खाली उतरून अमृततुल्यमध्ये चहा मारून आले, घसा बधिर, चहा गेला भलतीकडे, खोकून खोकून लाल झाले. आधी साध्या पाण्याचा एक घोट, नीट उतरला की मग बाकीचं. घसा एक-दोन दिवस खवखवेल. पण छातीत किंवा पोटात जोरात दुखलं, ताप आला, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली, श्वास लागला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : बाबांना दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकलाय, रक्त पातळ होण्याची गोळी आणि शुगरची गोळी चालू आहे. एंडोस्कोपीच्या आधी बंद करू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका, स्टेंट बंद पडण्याचा धोका असतो. हार्टच्या डॉक्टरांना विचारा, नुसतं बघायचं किंवा छोटा तुकडा घ्यायचा असेल तर बऱ्याचदा बंद करावीही लागत नाही. शुगरची गोळी उपाशीपोटी घेतली तर साखर उतरू शकते, म्हणून त्या सकाळचं आधी विचारून ठेवा आणि शक्यतो सकाळचा पहिला नंबर मागा. चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या, नावं ऐनवेळी आठवत नाहीत. बाबांना कवळी असेल तर झाकणाची डबी न्या, टिश्यूत गुंडाळून ठेवलेल्या दोन कवळ्या आमच्याकडे कचऱ्यात गेल्यात.