वाचकांचे प्रश्न : फाशी कुठे अडते, कुठे सुटते

११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली दिला, तेव्हापासून या सदराकडे फाशीच्या शिक्षेबद्दलची पत्रं येत आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

२०१५ साली ज्यांना फाशी सुनावली तेच लोक दहा वर्षांनी निर्दोष कसे सुटतात? खालच्या कोर्टाने मग पाहिलं काय? (लालबाग)

सेशन्स कोर्टाने किंवा विशेष न्यायालयाने फाशी सुनावली की प्रश्न संपला, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय फाशीचा अंमल होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०७ हे सांगतं. जुन्या कायद्यात ते ३६६ होतं. आरोपीने अपील केलं नाही तरी सगळे कागद उच्च न्यायालयात जातातच, आणि तिथे दोन न्यायमूर्ती पुरावा पहिल्यापासून तपासतात.

लोकल स्फोटांच्या खटल्यात मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने ३० सप्टेंबर २०१५ रोजी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब कोर्टाला विश्वासार्ह वाटले नाहीत. ओळख परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीची मुदतच संपलेली निघाली. फाशी सुनावलेल्या पाचांपैकी एक जण २०२१ साली नागपूर तुरुंगात वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयाने २४ जुलैला हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत टाकायला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी ज्यांची माणसं घरी परतली नाहीत त्यांच्या हाती मात्र एकोणीस वर्षांनीही काही पडलेलं नाही.

हा एकच खटला अपवाद म्हणावा तर तसंही नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली या शतकाच्या पहिल्या दीड दशकातले खटले तपासले. खालच्या कोर्टांनी दिलेल्या ज्या फाशी शिक्षांचा पुढे निकाल लागला, त्यांतल्या शंभरात जेमतेम पाच सर्वोच्च न्यायालयात टिकल्या. शंभरातले तीसच्या आसपास आरोपी चक्क निर्दोष सुटले.

मी वकिलीत नवा आहे. अशिलावर खुनाचा गुन्हा शाबीत झाला आणि सरकारी वकिलांनी फाशी मागितली, तर शिक्षेच्या सुनावणीत नेमकं काय मांडायचं? (कल्याण)

खरी हार बहुतेक वेळा इथेच होते. ‘आरोपी तरुण आहे, गरीब आहे, घरी म्हातारे आईबाप आहेत’ अशी दोन वाक्यं बोलून वकील खाली बसतो. निकालपत्रात तीच दोन वाक्यं उतरतात, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक कोर्टासमोर तेवढंच राहतं.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो वापरा. १९५५पर्यंत खुनाला फाशी का दिली नाही याची कारणं न्यायाधीशाला लिहावी लागत. १९७३च्या संहितेने ते उलटं केलं. आता फाशी द्यायची तर विशेष कारणं लागतात (नव्या संहितेत कलम ३९३). सर्वोच्च न्यायालयाच्या १९८०च्या बच्चन सिंग निकालाने ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणाची अट घातली. त्याचा दुसरा भाग वकील विसरतात : आरोपी सुधारण्यापलीकडे गेला आहे हे दाखवायची जबाबदारी सरकारची आहे. त्याच न्यायालयाच्या मे २०२२च्या मनोज निकालाने तर सरकारने खटल्याच्या टप्प्यावरच काय सादर करायचं ते सांगून ठेवलं : मानसिक तपासणीचा अहवाल, वय, बालपण, शिक्षण, कमाई, घरची परिस्थिती, आजारपण यांची माहिती, शिवाय तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल. हे कागद आले नसतील तर लेखी अर्ज देऊन मागा. तोंडी विनंतीची नोंद राहत नाही.

दोषी ठरवल्याच्या दिवशीच शिक्षेवर बोला म्हटलं तर मुदत मागा, तीही लेखी. या सुनावणीला किती वेळ द्यायचा हा प्रश्न सप्टेंबर २०२२मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवलेला आहे, त्याचा उल्लेख अर्जात करा.

मग गावाला जा. आई, भावंडं, शिक्षक, मुकादम यांना वेगवेगळं भेटा. सगळ्यांना एकत्र बसवलं की एकच माणूस बोलतो. मिळाली तर सरकारी दवाखान्याची जुनी केसपेपरं घ्या, डोक्याला मार किंवा फिट्सची नोंद पाहा. शाळेचं जनरल रजिस्टर तर स्वतः उघडून बघा. पुण्यात १९९४ साली झालेल्या एका सामूहिक हत्याकांडातल्या आरोपीला फाशी झाली होती. मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. पुरावा होता राजस्थानातल्या शाळेचं रजिस्टर. अडचण अशी की शाळेतलं नाव वेगळं आणि खटल्यातलं वेगळं, त्यामुळे दोन्ही नावं एकाच मुलाची हे आधी सिद्ध करावं लागलं. अठ्ठावीस वर्षं आत काढून तो सुटला. अल्पवयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, शिक्षा अंतिम झाल्यावरही, काढता येतो.

फाशीच्या निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि फुकट मिळते. उच्च न्यायालयात अपिलाला ३० दिवस आहेत, सर्वोच्च न्यायालयात ६०. वकील बदलला की फाईल हरवते, म्हणून आरोपपत्रापासून सगळ्याच्या दोन प्रती करा आणि एक घरच्यांकडे ठेवा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा देशभरचा क्रमांक १५१०० आहे.

जुन्या शिक्षांनाही वाट आहे. नागपूरच्या एका प्रकरणात २५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मनोज निकालातली पद्धत पाळली गेली नसेल, तर फक्त शिक्षेचा प्रश्न राज्यघटनेच्या कलम ३२ खाली (मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग) पुन्हा उघडता येतो.

दयेचा अर्ज कोणी, कधी, कुठे द्यायचा? (परळ)

कैदी स्वतः देऊ शकतो, वारस किंवा नातेवाईकही देऊ शकतात. नव्या संहितेच्या कलम ४७२ने मुदत घातली आहे. सर्वोच्च न्यायालयाने अपील किंवा फेरविचार फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षकाने कळवल्यापासून ३० दिवस. आधी राज्यपाल, त्यांनी नाकारलं की ६० दिवसांत राष्ट्रपती. राज्य सरकारचं म्हणणं आणि तुरुंगाचे कागद आल्यावर केंद्राने ६० दिवसांत शिफारस करायची. राष्ट्रपतींच्या निर्णयाला मात्र कालमर्यादा नाही.

अर्ज कारकुनी भाषेत एका पानात उरकू नका. आजार, मानसिक स्थिती, एकांतवास, उलटलेला काळ, सहआरोपीला मिळालेली सौम्य शिक्षा, प्रत्येक मुद्द्याला कागद जोडा आणि पोच घ्या. जानेवारी २०१४च्या शत्रुघ्न चौहान निकालानुसार लागणारे कागद तुरुंगाने द्यायचे आहेत, आणि अर्ज फेटाळल्याचं कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस जायला हवेत. ‘राष्ट्रपतींच्या आदेशावर अपील नाही’ असं कलम ४७२ म्हणतं. पण रिट याचिका (मूलभूत हक्कांसाठी थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेला अर्ज) हे अपील नव्हे, ती करता येते.

महाराष्ट्रातली दोन प्रकरणं बघा. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींच्या दयेच्या अर्जाला साडेसात वर्षांहून अधिक काळ लागला, म्हणून जानेवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी महिलेच्या खुनात राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला मे २०१७मध्ये आणि डेथ वॉरंट (फाशीचा दिवस ठरवणारा कोर्टाचा आदेश) निघालं १० एप्रिल २०१९ला. मधली जवळपास दोन वर्षं वॉरंट काढण्याच्या पत्रव्यवहारातच गेली. उच्च न्यायालयाने शिक्षा ३५ वर्षांच्या कैदेवर आणली, डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं आणि दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याच्या गृह किंवा कारागृह विभागात वेगळा कक्ष करायला सांगितलं. फाशीची बाजू घेणाऱ्यांनी या दिरंगाईबद्दल मंत्रालयाला जाब विचारायला हवा होता. तो कोणी विचारलेला आम्हाला तरी दिसला नाही.

फाशी रद्द झाली की चौदा वर्षांत बाहेर, हो ना? (ठाणे)

नाही. चौदा वर्षं ही किमान मर्यादा आहे. ती झाल्यावर सुटकेचा हक्क मिळत नाही, फक्त सरकार विचार करू शकतं. शिवाय २००८पासून उच्च आणि सर्वोच्च न्यायालयं वीस, पंचवीस, तीस वर्षं सूट न देता कैद ठोठावतात. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात नोव्हेंबर २०२१मध्ये तिघांची फाशी रद्द झाली ती उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात काढण्याच्या अटीवर.

बाबासाहेब फाशीच्या विरोधात होते हे खरं का? (चेंबूर)

खरं आहे. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या खटल्यांना सर्वोच्च न्यायालयात अपील असावं का, यावर चर्चा चालू असताना त्यांनी, त्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपला पाठिंबा राहील, असं म्हटलं. ऑगस्ट २०१५मध्ये विधी आयोगाने २६२व्या अहवालात दहशतवाद आणि युद्धासंबंधीचे गुन्हे वगळून फाशी बंद करण्याची शिफारस केली. अध्यक्ष होते न्या. अजित प्रकाश शहा, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. संसदेने ती उचलली नाही. भारतीय न्याय संहितेत उलट झुंडबळीसारखी नवी कलमं फाशीच्या यादीत आली.

आमच्या मंडळाला या विषयावर काम करायचं आहे. मोर्चा काढायचा का? (डोंबिवली)

खुशाल काढा, पण आधी आकडे हातात घ्या. कारागृह विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे, गृह विभाग मंत्रालयात. दोन्हीकडे वेगळे माहिती अधिकार अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. कैद्यांची नावं विचारलीत की ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज परत येतो. संख्या विचारा : येरवडा आणि नागपूरला फाशीचे किती कैदी, दयेचे किती अर्ज प्रलंबित, प्रत्येक अर्ज कोणत्या तारखेला कुठल्या टेबलावर गेला, वेगळा कक्ष नेमल्याच्या आदेशाची प्रत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे.