भाषाविज्ञानाच्या परिषदेत पहिल्यांदा निबंध सादर करायचा आहे, तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की एम.ए.चा प्रकल्प सोलापूरकडच्या ‘मी काम केलो’ या रचनेवर केलाय आणि तो परिषदेत मांडायचाय, पण ‘बोलीवरचं काम कोण ऐकणार’ अशी धास्ती वाटते. मी मराठीच्या वाक्यरचनेवर काम करते, परिषदांना निवडीसाठी आलेले निबंधांचे सारांशही तपासते. ही धास्ती मनातून काढून टाका. असा विषय हाती आला की परीक्षक सावरून बसतात.

कारण सांगते. पुण्यात ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणतात, म्हणजे क्रियापद भाकरीशी जुळतं. तुमच्याकडे ‘मी भाकरी खाल्लो’, म्हणजे ते बोलणाऱ्याशी जुळतं. भूतकाळात सकर्मक क्रियापदाने कर्त्याशी जुळायचं की कर्माशी, यावर दक्षिण आशियाई भाषांचे अभ्यासक वर्षानुवर्षं वाद घालताहेत. आणि प्रमाण मराठीही वाटते तितकी सरळ नाही: ‘तू काम केलंस’मध्ये ‘केलं’ कामाशी जुळतं आणि शेवटचा ‘स’ ‘तू’शी.

सारांशात मात्र ‘सोलापुरी बोलीचा अभ्यास’ असं मोघम लिहू नका. एकच प्रश्न घ्या. ‘केलो’ फक्त ‘मी’बरोबर येतं, की ‘तो काम केला’ असंही म्हणतात? बाई बोलत असेल तर काय? कर्माला ‘ला’ लागला, ‘मी त्याला बघितलो’, तर फरक पडतो का? यातल्या एकाचं नीट उत्तर दिलंत तरी वीस मिनिटं भरतात.

परीक्षक सगळ्यात आधी उदाहरणं बघतात. प्रत्येक उदाहरण तीन ओळींत द्या: वर बोललेलं वाक्य लिप्यंतरात, त्याखाली शब्दाखाली शब्द येईल असं व्याकरणिक विश्लेषण, शेवटी अर्थ. यासाठी लाइपझिग ग्लॉसिंग नियम सर्रास वापरतात, ते एका बैठकीत वाचून होतात. वाक्य कुणी म्हटलं, वय काय, गाव कुठलं, घरात कन्नड बोलतात का, हे नोंदवलेलं हवं. बहुतेक ठिकाणी परीक्षकांना लेखकाचं नाव कळू द्यायचं नसतं. ते मजकुरातून काढाच, फाइलच्या माहितीतूनही काढा.

कुठे पाठवायचं? १९२८ साली लाहोरला स्थापन झालेल्या लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाचं कार्यालय आज पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. तिच्या परिषदेपासून सुरुवात करा. पुढे ‘साला’ आणि अमेरिकेतली ‘फासल’ या दक्षिण आशियाई भाषांसाठीच्याच परिषदा आहेत. सूचना लिंग्विस्ट लिस्ट या भाषाविज्ञानाच्या संकेतस्थळावर येतात. भाषाविज्ञान, वाणिज्य आणि रसायनशास्त्र एकाच दिवशी घेऊन आधी पैसे मागणाऱ्या परिषदांच्या वाटेला जाऊ नका.

सादरीकरणाला साधारण वीस मिनिटं आणि प्रश्नांना दहा मिळतात. क्रमांक घातलेल्या उदाहरणांचं हँडआउट वाटा, म्हणजे ‘उदाहरण सातमध्ये असं का?’ असं नेमकं विचारता येतं. कन्नडचा प्रश्न येणारच. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याशी जुळतं, मग हा तिचाच परिणाम नाही का? दखनीतही, म्हणजे दख्खनकडच्या उर्दू बोलीतही, भूतकाळात कर्त्याला लागणारा ‘ने’ गळालेला आहे, तेही कुणीतरी काढेल. म्हणून डेक्कन कॉलेजने केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षण आधी पालथं घाला. ते ऑनलाइन सगळ्यांना खुलं आहे. ‘केलो’ कुठल्या जिल्ह्यांत सापडतं आणि तिथे कन्नडचा शेजार आहे का, हे एका नकाशावर दाखवलंत तर अर्धी चर्चा तिथेच मार्गी लागेल.

एखादी गोष्ट विचारली आणि ती तपासलेली नसेल तर ‘हे तपासलेलं नाही’ एवढंच सांगा, आणि विचारणाऱ्याला चहाच्या वेळी गाठा. मला पुढच्या कामाचे धागे तिथेच मिळत आले आहेत. सारांश पाठवण्याआधी सगळी उदाहरणं गावाकडच्या दोघातिघांना मोठ्याने वाचून दाखवा. ज्यावर ते थबकतील, ते वाक्य पुन्हा तपासा.