ट्यूबलेसमधली हवा हळूहळू उतरते, पण पंक्चर सापडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५० सीसीची बाईक, अलॉय व्हील, मागचा टायर ट्यूबलेस. हवा २९ पीएसआय (दाबाचं माप) भरली की चार-पाच दिवसांत २० वर येते. पुण्यात धायरीतल्या दोन पंक्चरवाल्यांना दाखवली, दोघंही म्हणाले पंक्चर नाही. एकाचं म्हणणं टायर बदला, दुसऱ्याचं म्हणणं सीलंट, म्हणजे आतून भोक बुजवणारं चिकट द्रव, टाका.

दोन्ही आत्ता करू नका. गळती रिमला असली तर नवाकोरा टायरही असाच उतरेल आणि टायरचे पैसे वाया जातील. पंक्चरवाले खोटं बोलत नाहीयेत. ते खिळा शोधतात, आणि मागे गिऱ्हाइकं उभी असताना एका चाकाला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ देणं त्यांना परवडत नाही. चार दिवसांत नऊ पीएसआय म्हणजे फार बारीक गळती. तिचा बुडबुडा यायलाच कधी कधी मिनिट-दोन मिनिटं लागतात. हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये, निवांत वेळ काढून, आपलं आपणच करायचं आहे.

त्याआधी आकड्यांची खात्री करून घ्या. पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेला असतो, त्यामुळे तिथे २९ दिसली तरी थंड टायरला ती २६-२७ च असू शकते. शिवाय दोन पंपांचे काटे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. पुण्यातल्या थंडीत तर हा घोळ आणखी वाढतो. दुपारी ३० अंशात भरलेली २९ पहाटे १२ अंशात मोजली तर काहीही गळत नसताना दोन-अडीच पीएसआय कमी भरते. म्हणून स्वतःचा एक गेज घ्या, साधा चालेल, आणि रोज सकाळी गाडी काढायच्या आधी मोजा. चांगला टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतोच, त्याची काळजी नको. तुमचा आकडा त्याच्या कितीतरी पुढे आहे, म्हणजे गळती खरी आहे. पण ती रोज सारखी उतरते की एखाद्या दिवशी जास्त, हे टिपून ठेवा. उभ्या गाडीत उतरत नाही आणि चालवली की उतरते, असं दिसलं तर माझा पहिला संशय व्हॉल्व्हवर, म्हणजे हवा भरायच्या नळीवर, जाईल.

आता साबणाचं पाणी. मगभर पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड, आणि ढवळायचं अगदी हलक्या हाताने. मगमध्येच फेस झाला तर टायरवरचा बुडबुडा त्यात हरवून जातो. स्प्रेपेक्षा रंगकामाचा जुना ब्रश बरा, पाणी फटीत नीट बसतं. गाडी मेन स्टँडवर घ्या. हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, ३५ पर्यंत भरा, फक्त टायरच्या भिंतीवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. २० वर गप्प बसणारं भोक ३५ वर बोलायला लागतं.

सुरुवात व्हॉल्व्हपासून. टोपी काढा, तोंडावर एक थेंब ठेवा आणि बघत राहा. पंक्चरवाले इथे थुंकी लावून बघतात, तत्त्व तेच. थेंब हळूच फुगला आणि फुटला, पुन्हा फुगला, तर आतली पिन गळतेय. आपल्याकडच्या धुळीत हे नेहमीचं आहे: टोपी हरवलेली असते, तोंडात माती साचते आणि हवा भरताना नोझल तीच माती आत ढकलतो. पिनेचं रबर मग नीट बसत नाही. पिन काढायची चावी कुठल्याही टायरच्या दुकानात मिळते, पिनही चहाच्या पैशात येते. आधी चावीने थोडी आवळून बघा, जोर न लावता. थांबलं नाही तर पिन बदला. ती काढली की टायरमधली सगळी हवा जाते, त्यामुळे पंप हाताशी असू द्या.

थेंब फुगला नाही म्हणून व्हॉल्व्हला सोडून देऊ नका. त्याच्या बुडाशी, जिथे रबर रिममधून बाहेर येतं तिथे, पाणी लावा आणि बोटाने व्हॉल्व्ह एकेका बाजूला वाकवा. जुन्या रबराला बुडाशी चिरा पडतात. सरळ असताना त्या मिटलेल्या राहतात आणि वाकवल्या की उघडतात. पंपावरचा नोझल घाईत ओढला जातो तेव्हा नेमका हाच भाग वाकतो. इथे फेस दिसला तर व्हॉल्व्ह अख्खा बदलायचा, त्यासाठी टायर एका बाजूने उतरवावा लागेल.

ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागावर, फार लिहीत नाही, कारण तिथे दोघांनी बघितलंय. तरी चाक हातभर-हातभर फिरवत, खाचाखाचांत पाणी लावून एकदा नजर टाका. मोठा खिळा कोणालाही दिसतो. लपतात ते ट्रकच्या झिजलेल्या टायरमधून पडलेल्या तारेचे केसाएवढे तुकडे आणि बाभळीचे काटे. काटा रबराच्या पातळीला मोडतो, वरून फक्त एक तपकिरी ठिपका दिसतो. तुम्ही वेताळ टेकडीच्या बाजूने गाडी नेत असाल तर असे ठिपके नखाने चाचपून बघा. पूर्वी पंक्चरला मारलेली पट्टी असेल तर तिच्याभोवती जास्त वेळ थांबा, जुनी पट्टी सुटून कडेने हळूहळू गळू लागते. आणि काही सापडलंच तर लगेच उपसू नका. खडूने गोल करा, तसंच दुकानात न्या.

माझा अंदाज मात्र रिमच्या कडेचा आहे. अलॉयची गाडी, पंक्चर नाही आणि रोज थोडी थोडी उतरते, हे वर्णन तिथलंच असतं.

ट्यूबलेसमध्ये हवा धरून ठेवतं ते टायरची कड आणि रिम यांचं एकमेकांवर घट्ट बसणं. तिथे रेतीचा कण अडकला, टायर चढवताना पहारीने कड सोलली गेली, किंवा रिमचा रंग उचकटून खाली ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी धरली, की वाट झाली. खड्ड्यात आपटून रिमची कड जरा आत दबली तरी तेच. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाच्या बाईकला अशीच गळती होती, सिंहगड रोडवरच्या खड्ड्यानंतर सुरू झालेली. टायरला ओरखडासुद्धा नव्हता. चाक हवेत फिरवून स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) पेन टेकवून धरलं, त्याचं टोक रिमच्या कडेच्या अगदी जवळ, तेव्हा एका जागी फट हळूच वाढायची आणि पुन्हा मिटायची. ब्रशने तिथे पाणी लावलं. पहिलं मिनिटभर काहीच नाही. मग रिम आणि रबराच्या मधून बोटभर लांबीचा बारीक पांढरा फेस वर आला, ताकावर येतो तसा. मोठे बुडबुडे शोधणारा माणूस त्याला साबणाचाच फेस समजून पुसून टाकेल. म्हणून लावलेलं पाणी स्थिरावू द्या आणि नंतर नव्याने काय उगवतंय ते बघा. चाकाच्या दोन्ही बाजू बघायच्या, साखळीच्या बाजूला हात पोचत नाही म्हणून ती सोडायची नाही. चाक काढता येत असेल तर आडवं टाकून कडेच्या खाचेत पाणी भरून ठेवणं सगळ्यात उत्तम.

फेस दिसला की टायर उतरवण्याआधी त्या जागी रिमवर आणि टायरवर, दोन्हीकडे खडूने समोरासमोर खूण करा. ही पायरी बहुतेक जण सोडतात आणि मग दुरुस्ती अंदाजाने होते. दुकानात टायर उतरवून रिमची बैठक पॉलिश पेपरने घासून घ्या, पांढरी भुकटी आणि सुटलेला रंग पूर्ण जाईपर्यंत, आणि टायरची कड फडक्याने पुसून तपासा. परत बसवताना टायर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर तो मात्र पूर्वीच्याच बाजूला राहू द्या. त्यानंतरही गळलंच तर पुन्हा पाणी लावा: फेस रिमच्या खुणेपाशी आला तर दोष रिमचा, टायरच्या खुणेबरोबर सरकला तर टायरचा. मग नवा टायर घ्यायचा की रिमचा आऊट (वाकलेपणा) काढायचा, हे कोणी सांगायची गरज उरत नाही. रिमला तडा असेल तर तिच्यावर वेल्डिंग करून पुन्हा रस्त्यावर आणू नका, रिम बदला. नाना पेठेत चौकशी केलीत तर पर्याय मिळतील.

बसवताना आणखी एक गोष्ट डोळ्यांनी बघा. टायरच्या भिंतीवर रिमलगत एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती आत बुडालेली असेल तर कड पूर्ण बसलेली नाही, हवा सोडून, साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवायला लावा.

सीलंटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लांबच्या प्रवासात अडचणीला ठीक, पण कारण न शोधता टाकायला माझा विरोध आहे. ते व्हॉल्व्हच्या पिनेत घट्ट होतं, मग गेज चुकीचा आकडा दाखवू लागतो. टायर आतून चिकट झाल्यावर कुठलाही पॅच नीट धरत नाही. आणि कडेची गळती त्याने भरवशाने बंद होईलच असं नाही, कारण चाक फिरताना ते ट्रेडकडे फेकलं जातं.

हे सगळं होईपर्यंत गाडी शहरात चालवायला हरकत नाही, पण रोज सकाळी मोजून, भरून. मागे कोणाला बसवून कात्रजचा घाट चढू-उतरू नका. मागचा टायर २० वर आला की वळणात गाडी मागून डोलते, आणि कमी हवेत एखादा खड्डा लागला तर कड रिमवरून सुटू शकते. दुरुस्तीनंतर आठवडाभर त्याच गेजने, त्याच वेळी मोजत राहा. आकडा एका पीएसआयच्या आत राहिला तर काम झालं. त्याहून जास्त उतरला तर फेस नेमका कुठे आला आणि व्हॉल्व्हपासून किती अंतरावर, ते फोटोसकट लिहा, पुढचं बघू.